मी स्वतः ओढलेली रेघ

पोटातील गाठीवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी किरणोपचार घ्यावा लागेल, असे ज्यांना सांगण्यात आले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. वैद्यकीय माहिती डॉक्टर देतात. ती मी देणार नाही. मला ती पूर्ण कळलीही नाही. डॉक्टरांच्या खोलीबाहेर जे घडते आणि कोणत्याही कागदावर येत नाही, तेवढेच येथे आहे. त्यात माझी एक चूक आहे. ती वगळली असती तर लेख लहान झाला असता, परंतु मग तो लिहिण्याचे कारणही उरले नसते.

माझे वय त्र्याहत्तर. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. शेतजमिनी मोजणे, नकाशे तयार करणे, हरवलेल्या हद्दी कायम करून देणे, हे माझे काम. लोक ‘मोजणीवाले साहेब’ म्हणत. निवृत्तीनंतर छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतील घरात राहतो. घरात पत्नी सुमन आणि मुलगा प्रशांत. प्रशांत वाळूजच्या कारखान्यात नोकरीला आहे.

निदानाचा दिवस

गच्चीवरील पाण्याची टाकी पाहायला मी रोज वर जात असे. एके दिवशी मधल्या पायरीवर बसावे लागले. दुसऱ्या दिवशीही बसावे लागले. रक्त तपासले, ते फार कमी निघाले. मग तोंडातून नळी घालून पोट पाहिले, तुकडा काढून तपासणीला पाठवला. आठवड्याने अहवाल आला.

डॉक्टरांनी तो वाचला आणि माझ्याकडे न पाहता प्रशांतकडे पाहिले.

“आप्पांना जरा बाहेर बसू द्या.”

“अहवालावर नाव माझे आहे,” मी म्हणालो. “मी बसतो. हवे तर तो बाहेर जाईल.”

डॉक्टरांनी कर्करोग हा शब्द उच्चारला. मी समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहत होतो. तिच्यावर कोणता महिना होता, हे आज आठवत नाही.

दोन दिवसांनी शल्यविशारदांना भेटलो. त्यांचे बोलणे मोजके होते; मला ते आवडले.

“गाठ मागच्या बाजूला चिकटली आहे. आज पोट उघडलं तर ती पूर्ण निघणार नाही. आधी गोळ्या आणि शेक देऊ. पाच आठवडे. त्यानंतर महिनाभर थांबून पुन्हा स्कॅन. गाठ सैल झाली असेल तर काढू.”

“नसेल तर?”

“तर काढणार नाही. मग औषधांवर जेवढं चालेल तेवढं.”

या सरळ उत्तराबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता. शस्त्रक्रिया होईल की नाही.

घरी आलो तेव्हा सुमन मेथी निवडत होती.

“काय म्हणले?”

“पोटात गाठ आहे. वाईट आहे.”

तिने हातातील जुडी संपेपर्यंत पाने खुडली. मग देठ गोळा केले.

“किती दिवस जायचंय दवाखान्यात?”

“पाच आठवडे. रोज.”

“मग डबा न्यावा लागंल,” ती म्हणाली आणि उठली. त्या दिवशी एवढेच बोलणे झाले.

तीन रेघा

उपचार सुरू होण्यापूर्वी शरीराचे मोजमाप घेतात. कमरेवरचे कपडे काढून एका कडक फळीवर निजवतात, दोन्ही हात डोक्यावर घ्यायला लावतात. भिंतींतून तांबड्या प्रकाशाच्या रेषा अंगावर पडतात. त्या रेषांवरून सुवर्णा नावाच्या तंत्रज्ञ मुलीने माझ्या पोटावर जांभळ्या शाईने रेघा काढल्या. एक मध्यभागी, उभी. दोन बाजूंना, आडव्या, त्यांवर फुली. वरून पारदर्शक पट्टी चिकटवली.

“काका, ही पाच आठवडे माझी अमानत आहे तुमच्याकडे,” ती म्हणाली. “आंघोळ करा, पण इथं साबण नको, चोळायचं नाही, तेल-मलम काही नाही. रेघ पुसट झाली तर मला फोन करायचा. तुम्ही काही करायचं नाही.”

“खुणांचे महत्त्व मला सांगू नका. माझा जन्म त्यात गेला आहे.”

“मग तर बरंच झालं,” ती म्हणाली. तिने तरीही कार्डावर फोन क्रमांक लिहून दिला.

दुसरा नियम पोट रिकामे ठेवण्याचा. उपचाराआधी तीन तास काही खायचे नाही, म्हणजे पोटाचा आकार रोज सारखा राहतो. हा नियम मी काटेकोर पाळला. नियम पाळण्यात मी कधी कमी पडलो नव्हतो. त्यामुळेच पुढे जे झाले ते मला अनपेक्षित होते.

रोजचा क्रम

माझी वेळ सकाळी अकराची. उपचार दहा मिनिटांचा, प्रतीक्षा तासा-दीड तासाची. यंत्र अंगाभोवती फिरते, घरघरते, थांबते. काही जाणवत नाही. पहिल्या आठवड्यात नेमके हेच खटकते, कारण काही झाले असे वाटतच नाही.

दुसऱ्या आठवड्यात वाटू लागते. मळमळ सुरू झाली. फोडणीचा वास सहन होईना. सुमनने फोडणी देणे बंद केले. प्रशांत तीन आठवडे बिनफोडणीचे वरण खात होता आणि त्याने एकदाही तक्रार केली नाही. हे मी तेव्हा लक्षात घेतले नाही. आता नोंदवतो.

प्रतीक्षागृहात रोज तीच माणसे भेटतात. माझ्या आधीचा क्रमांक हमीदभाईंचा. ते सिल्लोडचे, कापसाचे व्यापारी, गाठ अन्ननलिकेत. घास उतरत नव्हता, पण बोलणे अडत नव्हते.

“काय साहेब, आज कितवा?”

“नववा.”

“अपना तेरावा. सीनियर आहे मी, सलाम करा.”

पहिल्या दिवशी मी कपडे बदलताना त्यांनी माझ्या पोटावरील रेघा पाहिल्या होत्या. तेव्हापासून रोज एक शेरा ठरलेला.

“साहेब, जिंदगीभर लोकांच्या जमिनीवर रेघा मारल्या तुम्ही. आता तुमचंच पोट सरकारी जमीन झालं. कोणीबी येतंय, मोजून जातंय.”

सुमन तोंडाला पदर लावून हसत असे. मला हसू येत नसे, परंतु अकरा वाजता ते दिसले नाहीत तर मी दाराकडे पाहत असे, हेही खरे. घट्ट बनियनने कातडी सोलवटते, हे त्यांनीच सांगितले. शहागंजच्या बाजारातून सैल, बिनशिवणीच्या बनियन आणा म्हणाले. डॉक्टरांनी हे सांगितले नव्हते. म्हणून येथे लिहिले.

भीती वाटली का, असे लोक विचारतात. वाटली. सर्वजण जाड दारामागे निघून गेले की वाटे. हात डोक्यावर असल्यामुळे माणूस शरण आल्यासारखा दिसतो. मी छतावरील चौकोन मोजत असे. लांबीत अकरा, रुंदीत सात. मोजणी संपेपर्यंत यंत्र थांबत असे.

शनिवार

शनिवार-रविवार उपचार बंद असतो. तिसऱ्या आठवड्यानंतरच्या शनिवारी हे घडले.

आमच्याकडे किरणोपचाराला सर्वजण शेक म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. शेक म्हणजे उष्णता, असा सुमनचा समज. पोटात इतकी उष्णता गेल्यावर ती बाहेर काढली पाहिजे, हा त्यापुढचा समज. तिचे माहेर पैठणजवळचे. तिथे उन्हाळी लागली, डोळे जळजळले, तोंड आले की बेंबीत एरंडेल घालतात. आमच्या घरीही तिने ते सर्वांना केले आहे. माझ्या आईलाही शेवटपर्यंत केले.

दुपारी मी झोपलो होतो. तिने बेंबीत तेल घातले. कातडीला खाज सुटून मी झोपेत खाजवत होतो, म्हणून उरलेले पोटावर फिरवले. हलक्या हाताने. मी जागा झालो तेव्हा पारदर्शक पट्टी सुटून बनियनला चिकटली होती आणि बनियन जांभळी झाली होती.

“काय केलंस हे?”

“बेंबीत तेल घातलं. उष्णता निघंल. किती तळमळायलात झोपंत.”

“रेघा!”

तिने पाहिले. हातातील वाटी तिने खाली ठेवली.

“अगं बाई. त्या पोरीनं सांगितलं होतं की वो.”

डावीकडील रेघ पूर्ण गेली होती. मधलीचा खालचा भाग गेला होता. उजवी शाबूत होती.

या वेळी मी फोन करायला हवा होता. केला नाही. सोमवारी परत पाठवतील, दिवस बुडेल, एक दिवस बुडाला तर गाठ सैल होणार नाही, असा हिशेब मी मनात केला. हे एक कारण. दुसरे कारण असे की मला फोनची गरज वाटली नाही. शेताच्या बांधावरील हद्दीचा दगड नाहीसा झाला तर शेजारच्या उभ्या खुणांवरून माप घेऊन आम्ही तो पुन्हा कायम करत असू. त्यासाठी कोणाला विचारावे लागत नसे; लोक आम्हाला विचारत. येथे उजवी रेघ होती, मधलीचा वरचा भाग होता, बेंबी जागेवर होती. एवढ्या खुणा असताना डावी रेघ काढता येत नाही, असे म्हणणे मला कमीपणाचे वाटले.

मी मोजणीची पोलादी पट्टी बाहेर काढली. स्वयंपाकघरात डब्यांवर नावे लिहिण्याचा निळा मार्कर होता, तो मागवला. कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो. बाजू दिसावी म्हणून सुमनला हातआरसा धरायला सांगितले.

“अहो, त्या पोरीला विचारा की एकदा.”

“आरसा नीट धर.”

“निळी दिसंल ना ही. ती जांभळी होती.”

“अंतर महत्त्वाचे असते. रंग नाही.”

तीनदा मोजून रेघ ओढली. सरळ, स्वच्छ आली. मी समाधानी होतो.

सोमवार

सुवर्णाने मला फळीवर निजवले, प्रकाशाच्या रेषा लावल्या आणि थांबली. बाजूला जाऊन वाकून पाहिले.

“काका, ही रेघ आमची नाही.”

“तेल लागले. पुसट झाली होती.”

ते खोटे नव्हते. पूर्णही नव्हते.

“पुसट झाली ते दिसतंय. पण ही कुणी काढली?”

मी उत्तर दिले नाही. ती बाहेर गेली आणि सुमनला आत घेऊन आली.

“मावशी, तेल कुणी लावलं?”

“मी.”

“आणि ही रेघ?”

सुमनने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

“मीच ओढली,” सुमन म्हणाली.

सुवर्णाने एकदा त्या रेघेकडे पाहिले, एकदा सुमनकडे.

“मावशी, ही काय रांगोळी आहे का? ठिपके दिसले की जोडायचे? पोटात बाकीचे अवयव आहेत. मी चित्र न घेता यंत्र चालू केलं असतं तर?”

“चुकलं, बाई.”

“मी सांगितलं होतं ना तेल नको म्हणून?”

“व्हय. चुकलं.”

मी तेथेच, त्यांच्यामध्ये, उताणा पडलो होतो. बोलायला तोंड मोकळे होते. बोललो नाही.

यंत्रावर चित्र घेतले. रेघ बोटभर चुकली होती. किरण विभागाचे डॉक्टर आले. रागावले नाहीत. त्यांनी कारण सांगितले. मूळ रेघा निजवून, हात वर घेऊन काढलेल्या असतात. माणूस उभा राहिला की कातडी खाली ओघळते. शिवाय तीन आठवड्यांत माझे वजन उतरले होते. ज्या खुणांवरून मी माप घेतले, त्या स्वतःच जागेवर नव्हत्या. मी तीनदा मोजले होते, आणि तिन्ही वेळा उभ्याने.

“चित्रात चूक सापडली, म्हणून वाचलात,” ते म्हणाले. “वजन इतकं उतरलंय की मोजमाप नव्याने घ्यावंच लागेल. दोन दिवस जातील. शेवटी भरून काढू.”

“दोन दिवसांच्या खंडाने फरक पडेल?”

“फार नाही. पण असं पुन्हा नको.”

बाहेर हमीदभाई बसले होते. आत काय झाले ते त्यांना कळलेच होते. त्या दिवशी त्यांनी शेरा मारला नाही.

घरी

प्रशांतने आईला बोलायला सुरुवात केली ती चपला काढण्यापूर्वी.

“आई, तुला सांगितलं होतं कुणी? डॉक्टरपेक्षा जास्त कळतं का तुला?”

“चुकलं म्हणलं ना, बाबा.”

“तेल लावलं ते लावलं. वर रेघ ओढायची? अगं, दोन दिवस गेले. आप्पांचे दोन दिवस!”

सुमन भांडी घासत राहिली. मी दिवाणावर पडलो होतो. मधल्या दारातून दोघे दिसत होते. अशक्तपणामुळे बोललो नाही, असे मी स्वतःला सांगितले. मळमळ होतीच. परंतु ‘रेघ मी ओढली’ या तीन शब्दांना किती शक्ती लागते?

नोकरीत असताना हद्दीचा दगड सरकवणाऱ्या माणसांचे जबाब मी घेतले आहेत. प्रत्येक जण सांगे की नांगराला लागून सरकला. मी त्यांना बोलू देत असे आणि लिहून घेत असे. मला त्यांचा तिरस्कार वाटे.

बुधवारी नव्या रेघा निघाल्या. उपचार पुन्हा सुरू झाला. तोपर्यंत सुमन माझ्याबरोबर प्रतीक्षागृहात येऊन बसत असे. इतर बायकांशी तिची ओळख झाली होती. कोणाची सून कशी, कोणाला काय पचते, हे तिला ठाऊक होते. त्या बुधवारपासून ती आत येईना. डब्याची पिशवी घेऊन वाहनतळाजवळच्या कठड्यावर बसू लागली.

“आत पंखा आहे,” मी म्हणालो.

“इथं वारं हाय.”

वारे नव्हते.

हमीदभाईंनी दोन दिवस पाहिले. मग म्हणाले, “साहेब, भाभी बाहेर उन्हात काहून बसायल्या?”

“तिला आवडते.”

“उन्हात बसणं?” ते म्हणाले. “बरं.” आणि त्यांचा क्रमांक पुकारला गेला.

एरंडेलाची बाटली स्वयंपाकघरातील फळीवरून नाहीशी झाली होती. मी विचारले नाही. चौथा आठवडा संपत आला तेव्हा एका सकाळी सुमन पैठणला तिच्या थोरल्या बहिणीशी फोनवर बोलत होती. मी न्हाणीघरातून बाहेर येत होतो. तिला माझी चाहूल लागली नाही.

“नाय अक्का, सांगता येत नाय म्हणतेत. शेक संपल्यावर महिन्यानं बघतेत. सुटली तर कापतेत, नायतर नाय.” मग थोडा वेळ ती ऐकत होती. “आता नाय सुटली तर काय, माझ्याच हातानं झालं म्हणायचं. दुसरं काय.”

मी न्हाणीघरात परत गेलो आणि नळ सोडला.

तोपर्यंत मी फक्त माझ्या शस्त्रक्रियेचा विचार केला होता. ती झाली नाही तर मी जाईन, एवढेच. मागे राहणारी बाई उरलेली सर्व वर्षे एका तेलाच्या वाटीला दोष देत काढील, हे माझ्या गणितात नव्हते. आणि हे सांगायचे तर निकाल लागण्यापूर्वी सांगायला हवे होते. निकाल चांगला लागल्यावर सांगण्याला किंमत नाही. वाईट लागल्यावर सांगितले तर तिला ती समजूत वाटेल.

रविवार

रविवारी प्रशांत घरी असतो. दुपारी तिघे जेवायला बसलो. माझ्यासमोर मऊ भात होता.

“रेघ मी ओढली होती,” मी म्हणालो.

प्रशांतला क्षणभर कळले नाही. “कोणती?”

“पोटावरची. पट्टी लावून. तुझी आई नको म्हणत होती. तिने फक्त आरसा धरला.”

प्रशांतने आईकडे पाहिले. सुमन माझ्यावर संतापली. मी तिला इतके संतापलेले क्वचित पाहिले आहे.

“झालं? आता कशाला उकरायलात ते? जेवा गुमान.”

“तो तुला बोलला. ते चूक होते.”

“माझं बोलणं खाऊन झालं होतं की! पचलंबी होतं. आता तुमाला बोलंल तो. तुमचं आधीच काही पचंना.”

प्रशांत हातात घास घेऊन बसला होता.

“आई, तू का सांगितलंस मग, मी ओढली म्हणून?”

“ते निजलेले होते तिथं, हात वर करून,” सुमन म्हणाली. “तसल्या माणसाला बोलणी बसू द्यायची व्हय?”

प्रशांतने उठून तिच्या ताटात वरण वाढले. तिने नको म्हटले नाही. मी पुढे सांगितले की तेलाने रेघ पुसली जाते, गाठीला काही होत नाही. दोन दिवसांचा खंड वजन उतरल्यामुळे तसाही पडला असता. हे सर्व डॉक्टरांना विचारून सांगतो आहे. ते मी खरोखरच शुक्रवारी विचारून आलो होतो. ती ऐकत होती की नाही, हे कळले नाही.

सोमवारी मी तिला कठड्यावर बसू दिले नाही. आत नेले आणि सुवर्णाला सांगितले की रेघ माझी होती.

“काका, मला माहीत होतं,” सुवर्णा म्हणाली. “मावशींच्या हातची रेघ इतकी सरळ कशी येईल?”

“का बरं?” सुमन म्हणाली. “मला पट्टी धरता येत नाय व्हय?”

मागून हमीदभाईंचा आवाज आला. “भाभी, पुढच्या टायमाला तुम्हीच मोजा. साहेबांची मोजणी फेल आहे.”

सुमन बायकांच्या बाकावर जाऊन बसली. त्यांनी तिला जागा करून दिली आणि इतके दिवस कुठे होतीस, असे विचारले. तिने काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, कारण माझा क्रमांक आला.

प्रतीक्षा

पंचवीस शेक पूर्ण झाले. शेवटच्या दिवशी समारंभ नसतो. सुवर्णाने कार्ड परत घेतले आणि पट्टी काढली. हमीदभाईंचे आधीच संपले होते. त्यांचा सिल्लोडहून अधूनमधून फोन येतो. आवाज घोगरा झाला आहे, बोलणे कमी झालेले नाही.

उपचार संपल्यावर बरे वाटेल, अशी अपेक्षा असते. पुढचे दोन आठवडे अधिक वाईट जातात, हे आधी कोणी सांगितले तर बरे. मी सांगून ठेवतो. त्यानंतर हळूहळू अन्न राहू लागते. मला प्रथम राहिले ते ताक.

महिन्याने स्कॅन झाला. शल्यविशारदांनी चित्रे उजेडावर लावून बराच वेळ पाहिली. मी, सुमन, प्रशांत तिघेही आत होतो. बाहेर बसा, असे कोणाला कोणी म्हटले नाही.

“मागची चिकटलेली बाजू सुटल्यासारखी दिसते,” ते म्हणाले. “पोट उघडल्यावर खरं काय ते कळेल. पण करण्यासारखं आहे.”

मी तारीख विचारली. त्यांनी सांगितली.

नंतर

या गोष्टीला आता वर्ष होत आले. दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खावे लागते. जेवल्यावर अर्धा तास बसून राहावे लागते; मी वर्तमानपत्र घेऊन बसतो. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. पुढे काय, याची हमी डॉक्टरांनी दिलेली नाही, मीही कोणाला देत नाही. ज्यांच्या गाठी सुटल्या नाहीत अशी दोन माणसे माझ्याच बाकावर बसत होती. त्यांनी तर सर्व नियम पाळले होते. म्हणून माझ्या अनुभवावरून स्वतःचा अंदाज बांधू नये. रेघ पुसली तर फोन करावा. घरात कोणी तुमची चूक स्वतःच्या अंगावर घेतली असेल तर निकालाची वाट पाहू नये.

शस्त्रक्रियेविषयी मला स्वतःला काही सांगता येत नाही, कारण मी शुद्धीत नव्हतो. जे कळले ते सुमनकडून. सकाळी मला आत नेले. दुपार टळल्यावर शल्यविशारद बाहेर आले. त्या वेळी प्रशांत औषधे आणायला खाली गेला होता, दाराशी सुमन एकटी होती. म्हणून ती बातमी प्रथम तिला सांगितली गेली.

“निघाली सगळी. पोटाचा मोठा भाग काढावा लागला, पण गाठ पूर्ण निघाली.”

तिने विचारले, “शेकानं सुटली व्हय?”

“शेकानंच सुटली. नाहीतर हात लावता आला नसता.”

अतिदक्षता विभागात भेटीला पाच मिनिटे मिळतात. मी डोळे उघडले तेव्हा ती खाटेशी उभी होती. नळ्यांमुळे मला बोलता येत नव्हते. शेकानंच सुटली म्हणले डॉक्टर, असे तिने मला सांगितले. मग पांघरूण सारखे केले आणि पुन्हा सांगितले. परिचारिका वेळ संपली म्हणून बोलवायला आली, तेव्हा दारापर्यंत जाऊन ती परत आली आणि तिसऱ्यांदा सांगितले. मी तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकले.